गादीला पोट आले आहे, शिवण उसवलेली नाही

कोल्हापूरच्या सुभाषनगरातून एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वडील, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, तीस वर्षांहून अधिक काळ कोल्हापुरी चपला बनवतात. चार महिने कंबर दुखते म्हणून एमआरआय काढला, तेव्हा चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्यांच्या मधल्या गादीत ‘डिफ्यूज डिस्क बल्ज’ असल्याचे रिपोर्टात लिहून आले. ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या घ्या, व्यायाम शिकून घ्या आणि हळूहळू कामाला लागा, असे डॉक्टरांनी सांगितले. परंतु दवाखान्यातल्या गर्दीत त्या शब्दाचा अर्थ विचारायचे राहून गेले. घरी आल्यावर शेजारच्या एकाने ‘गादी फाटली’ असे सांगितले, दुसऱ्याने ‘मणका सुजला’ म्हटले, आणि मोबाइलवरच्या कोशात ‘फुगवटा’ असा अर्थ सापडला. त्या दिवसापासून आबांनी रापी हातात धरलेली नाही. ‘या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, आणि आबांना मी मराठीत काय सांगू?’ असे त्यांनी विचारले आहे. धाकटा भाऊ म्हणतो की दुसऱ्या महायुद्धातल्या एका लढाईच्या नावातही हाच शब्द आहे. तो तिथे कसा गेला, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

प्रिय भगिनी,

मी भाषेचा अभ्यासक आहे, वैद्य नाही, त्यामुळे आबांच्या उपचारांबद्दल शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. पण तुमच्या घरात जी भीती शिरली आहे ती दुखण्यापेक्षा शब्दामुळे अधिक शिरली आहे, असे तुमचे पत्र वाचताना मला वाटले, आणि शब्दाविषयी मला तुम्हाला बरेच काही सांगता येईल. सर्वांत आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर देतो. ‘बल्ज’ म्हणजे फाटणे नव्हे आणि सूजही नव्हे. आत भरलेल्या वस्तूच्या दाबाने तिचे आवरण बाहेरच्या बाजूला गोलसर पुढे येते, त्या आकाराला इंग्रजीत बल्ज म्हणतात.

घोळ कोशापासूनच सुरू होतो. इंग्रजी कोशात बल्जचा अर्थ देताना सूज या अर्थाचाही शब्द वापरलेला असतो, कारण इंग्रजीत शरीराला येणारी सूज आणि कोणत्याही वस्तूला आलेला फुगीरपणा या दोन्हींना तो एकच शब्द चालतो. मराठीत तो चालत नाही. आपल्याकडे सूज ही जिवंत मांसाला येते. ती दुखते, तिला ऊब असते, ती चढते आणि उतरते. पाय सुजतो, हिरडी सुजते, पण भिंत कधी सुजत नाही. आयुर्वेदात सुजेला शोथ म्हणतात, आणि तो शब्द संस्कृतातल्या ‘श्वि’, म्हणजे फुगणे, वाढणे, या धातूवरून आलेला आहे. त्याच धातूचे ‘शून’ म्हणजे सुजलेले हे रूप आहे, आणि ‘शून्य’ हा शब्दही कोशकार त्याच रूपाशी जोडतात, कारण जे फुगते ते आतून पोकळ असू शकते. बल्जमध्ये याच्या उलट आहे. तिथे आत काहीतरी भरलेले असते, म्हणूनच ते बाहेर येते.

भिंतीच्या उदाहरणावर थोडे थांबतो, कारण आपल्या गवंड्यांकडे यासाठी फार नेमके बोल आहेत. जुन्या मातीच्या किंवा दगडी भिंतीचा मधला भाग आतल्या भरावाच्या दाबाने पुढे आला की ते ‘भिंतीला पोट आले’ असे म्हणतात. भिंत पडली असे ते म्हणत नाहीत आणि भिंत फुटली असेही म्हणत नाहीत. बल्ज या शब्दासाठी मला आजवर सापडलेला सर्वांत जवळचा मराठी प्रयोग हाच आहे, आणि पुढे तुम्हाला दिसेल की शब्दाच्या कुळाकडे पाहिले तरी तोच योग्य ठरतो.

‘फुगवटा’ हा कोशातला अर्थ चुकीचा नाही, परंतु आपल्या जिल्ह्यात तो वापरताना सांभाळावे लागते. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले, त्यांच्या कानात फुगवटा म्हटल्याबरोबर अलमट्टी धरणाचे पाणी, कृष्णेला आलेली फुग आणि पंचगंगेच्या पातळीचे रोजचे आकडे उभे राहतात. आपल्याकडे फुगवटा हा शब्द वाढत जाणाऱ्या, घरात शिरणाऱ्या पाण्याचा आहे. आबांनी तो ऐकला तेव्हा आपल्या पाठीतले काहीतरी रोज वाढत चालले आहे असेच त्यांना वाटले असणार. बल्ज या शब्दात मात्र वाढत जाण्याचा अर्थ नाही. तो एका आकाराचे वर्णन करतो. तो आकार वाढेल, तसाच राहील की कमी होईल, याविषयी तो काहीही सांगत नाही.

आता तो आला कुठून ते सांगतो, आणि इथे तुमच्या घराचा धंदा फार उपयोगी पडणार आहे. आजच्या फ्रान्सच्या भागात रोमन येण्यापूर्वी राहणाऱ्या गॉल लोकांच्या भाषेत ‘बुल्गा’ असा शब्द होता. प्राचीन रोममधल्या फेस्टस नावाच्या कोशकाराने गॉल लोक चामड्याच्या पिशव्यांना बुल्गा म्हणतात असे नोंदवून ठेवले आहे. गॉल भाषेतून हा शब्द लॅटिनमध्ये गेला, लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये उतरला, आणि तिथून साधारण बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. इंग्रजीत आला तेव्हाही त्याचा अर्थ पिशवी, बटवा असाच होता. फुगीर आकार हा अर्थ त्याला बऱ्याच उशिरा, सतराव्या शतकात चिकटला. म्हणजे तुमच्या रिपोर्टातला शब्द मुळात चामड्याची भरलेली पिशवी आहे.

पिशवी या एका शब्दाने तिचा आकार नीट डोळ्यांसमोर येत नाही. आपल्याकडची पखाल आठवून पाहा. रेड्याच्या पाठीवर टाकलेली, पाण्याने भरलेली कातडी पखाल दोन्ही बाजूंना गोल फुगलेली असे. तिला भोक पडलेले नसते, तिची शिवण घट्ट असते, आणि ती घट्ट असते म्हणूनच फुगते. फाटलेली पखाल फुगत नाही, ती गळते आणि लोळागोळा होते. विहिरीवरच्या मोटेचेही तसेच होते. नळ आल्यावर पखाल रस्त्यावरून गेली, पण ‘आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला’ या म्हणीत ती अजून टिकून आहे, आणि चुकीच्या शब्दावर चुकीचा इलाज सुरू झाला की काय होते हे ती म्हण चांगले सांगते.

आबांनी याहून जवळचे उदाहरण स्वतः पाहिलेले असेल. कोल्हापुरी चपलेसाठी कातडे कमावण्याच्या जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवतात, ती टांगतात, आणि तिच्यात बाभळीची साल व हिरडा यांचा अर्क भरतात. ते पाणी कातड्यातून हळूहळू झिरपते, खाली गोळा होते, पुन्हा आत ओतले जाते, आणि त्या काळात ती टांगलेली पिशवी चारी बाजूंनी तट्ट फुगलेली असते. गॉल लोकांच्या बुल्ग्याचा आकार कसा असेल हे सांगण्यासाठी याहून चांगले चित्र मला युरोपातल्या कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. त्या पिशवीला आलेल्या गोलाईला बल्ज म्हणतात, इतके आबांना सांगितले तरी शब्दाचा निम्मा अर्थ त्यांना हातात धरता येईल.

या शब्दाचे कूळ मोठे आहे. भाषाभ्यासक बुल्गा हा शब्द फुगणे या अर्थाच्या एका फार जुन्या धातूशी जोडतात, ज्यापासून युरोपातल्या आणि आपल्याकडच्याही अनेक भाषांमध्ये शब्द निघाले. इंग्रजीत पोटाला ‘बेली’ म्हणतात, तो याच कुळातला. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचाही अर्थ कातड्याची पिशवी असाच होता. लोहाराच्या भात्याला ‘बेलोज’ म्हणतात, तो बेलीचाच सख्खा भाऊ. भाता हा आपला शब्द वेगळ्या धातूचा आहे, संस्कृत ‘भस्त्रा’वरून आलेला, पण भस्त्रा म्हणजेही कातड्याची पिशवीच, भस्त्रिका प्राणायामात पोट भात्यासारखे हलते ते त्यामुळेच. दोन दूरच्या भाषांनी पोट, भाता आणि कातडी पिशवी यांना असे एकमेकांजवळ ठेवावे, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. समुद्राच्या मोठ्या लाटेला इंग्रजीत ‘बिलो’ म्हणतात, तोही याच घरचा.

परंतु तुमच्या कामाचे दोन शब्द अजून राहिले आहेत. टेकण्यासाठी घेतो त्या लोडाला इंग्रजीत ‘बोल्स्टर’ म्हणतात, आणि तो याच धातूपासून आलेला आहे, कारण लोड म्हणजे भरून फुगवलेले आवरण. वेदांमध्ये यज्ञात देवांना बसण्यासाठी जे दर्भाचे आसन अंथरतात, त्याला ‘बर्हिस्’ म्हणतात. तो शब्दही अभ्यासक याच धातूशी जोडतात, आणि प्राचीन इराणच्या अवेस्ता भाषेत त्याचा भाऊबंद असलेल्या शब्दाचा अर्थ उशी असा आहे. मणक्यांच्या मधल्या चकतीला आपल्याकडे सगळेच ‘गादी’ म्हणतात, अगदी डॉक्टरसुद्धा. गादी, लोड, उशी आणि भरलेली पिशवी ही एकाच तऱ्हेची वस्तू आहे, त्यामुळे गादीचे बल्ज होणे हे शब्दाच्या मूळ घरी परतण्यासारखेच आहे.

बजेट हा शब्दही याच पिशवीतून निघाला, हे तुमच्या आईंना सांगा. फ्रेंचमध्ये या शब्दाचे एक लहान रूप झाले, त्याचा अर्थ छोटी चामडी पिशवी. तेच इंग्रजीत बजेट झाले. ब्रिटनचा अर्थमंत्री आपले कागद त्या पिशवीतून बाहेर काढतो या कल्पनेने ‘बजेट उघडणे’ असा प्रयोग रूढ झाला, आणि १७३३ मध्ये तिथल्या अर्थखात्यावर टीका करणारी एक पुस्तिकाच त्या नावाने निघाली. भारतात पहिला अर्थसंकल्प १८६० मध्ये मांडला गेला, आणि त्यानंतर फार काळ आपले अर्थमंत्रीही चामड्याची बॅग घेऊन संसदेत जात. २०१९ मध्ये तिच्या जागी लाल कापडातली वही आली. जहाजाच्या तळाचा जो गोल, फुगीर भाग असतो आणि जिथे सांडलेले पाणी साठते, त्याचे इंग्रजी नाव ‘बिल्ज’ हेही याच शब्दाचे बदललेले रूप आहे, पण कोल्हापूरला समुद्र नसल्याने त्यावर अधिक लिहीत नाही.

धाकट्या भावाचे म्हणणे खरे आहे. १६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मन सैन्याने बेल्जियम आणि लक्झेंबर्गमधल्या आर्देनच्या जंगलातून दोस्तांच्या फळीवर अचानक हल्ला केला. दोस्तांची फळी मागे रेटली गेली आणि नकाशावर आघाडीची रेषा पश्चिमेकडे पोटासारखी पुढे आलेली दिसू लागली, म्हणून त्या लढाईला ‘बॅटल ऑफ द बल्ज’ असे नाव पडले. जानेवारी १९४५ च्या अखेरीस ती रेषा पुन्हा पूर्वीच्या जागी ढकलली गेली होती. या नावात एक गोष्ट फार नेमकी आहे: फळी वाकली, ताणली गेली, तिला पोट आले, पण ती दुभंगली नाही. ती दुभंगली असती तर लढाईचे नाव वेगळे पडले असते. पृथ्वीच्या बाबतीतही शास्त्रज्ञ हाच शब्द वापरतात. स्वतःभोवती फिरण्यामुळे पृथ्वी विषुववृत्तापाशी जराशी बाहेर आलेली आहे, आणि तिथला व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने अधिक आहे. त्यालाही बल्जच म्हणतात, आणि त्यात काही बिघडलेले आहे असे कोणी मानत नाही.

एवढे सगळे ध्यानात ठेवून आता रिपोर्ट वाचू. आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मध्ये २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या बाहेर चिवट तंतूंची, एकावर एक गुंडाळलेली कड असते, आणि आत मऊसर, पाणीदार गाभा असतो. दिवसभर उभे राहून आणि बसून या गाद्या थोड्या दबतात, रात्री झोपेत पुन्हा पाणी शोषून घेतात. सकाळी माणसाची उंची रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. वय वाढते तसे गाभ्यातले पाणी कमी होते, गादी चपटी होते आणि तिची कड मणक्याच्या काठाबाहेर थोडी पसरते, जशी बसून बसून बैठकीची गादी पसरते. ती कड गादीच्या घेराच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भागात अशी बाहेर आलेली असेल तर एमआरआय वाचणारे तज्ज्ञ तिला बल्ज म्हणतात. ‘डिफ्यूज’ या विशेषणाचा अर्थ चहूबाजूंनी पसरलेला. गाभा एखाद्या ठिकाणाहून कड ओलांडून बाहेर आला असेल तर त्यासाठी त्यांच्याकडे ‘हर्निएशन’, ‘प्रोट्रूजन’, ‘एक्स्ट्रूजन’ असे वेगळे शब्द आहेत, आणि तंतू चिरलेले दिसले तर ‘टेअर’ किंवा ‘फिशर’ असे ते स्वतंत्रपणे लिहितात. तुम्ही पाठवलेल्या ओळींत यांपैकी एकही शब्द नाही. शेजाऱ्यांनी जे ‘फाटली’ सांगितले, ते रिपोर्टात कुठेच लिहिलेले नाही.

कंबर दुखत नाही अशा माणसांच्याही पाठीत बल्ज सापडतात, हे आबांना जरूर सांगा. १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या ५२ टक्क्यांच्या किमान एका गादीत बल्ज आढळला. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले. त्यानुसार काहीही न दुखणाऱ्यांमध्ये बल्जचे प्रमाण विशीत सुमारे ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के निघाले. म्हणून बल्ज दिसला याचा अर्थ दुखण्याचे कारण सापडलेच असा होत नाही, तो केसांतल्या पांढरेपणासारखा वयाचा भागही असू शकतो. आबांच्या दुखण्याचा आणि त्यांच्या बल्जचा संबंध किती, हे तपासून सांगणे डॉक्टरांचे काम आहे.

‘मणका सुजला’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. मणक्यापासून निघणाऱ्या शिरेला, म्हणजे मज्जातंतूला, गादीचा दाब बसला तर त्या शिरेभोवती खरोखर सूज येऊ शकते, आणि डॉक्टर कधीकधी सूज उतरण्याच्या गोळ्या देतात त्या त्यासाठी. तिथे सूज हा शब्द बरोबर आहे. चूक इतकीच झाली की शिरेभोवतीची सूज आणि गादीचा आकार या दोन गोष्टी एका शब्दात कालवल्या गेल्या, आणि मग गोळ्या संपल्या तरी एमआरआयवरचा बल्ज तसाच का, असा प्रश्न उभा राहून पुन्हा भीती वाटते.

आबांना सांगायचे वाक्य तुम्ही मागितले आहे. माझ्या मते ते असे असावे: ‘आबा, गादीला पोट आलंय, शिवण उसवलेली नाही.’ चामडे शिवणाऱ्या माणसाला यातला फरक समजावून सांगावा लागणार नाही. शिवण उसवली तर काय होते आणि नुसते पोट आले तर काय होते, हे त्यांच्या बोटांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. ‘फाटली’, ‘सरकली’, ‘निकामी झाली’ हे शब्द घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वापरले तर त्यांना नम्रपणे थांबवा. मोठी माणसे असली तरी थांबवा. मणक्यातली गादी सोंगटीसारखी सरकत नाही, तिच्या वरचा आणि खालचा मणका तिला घट्ट धरून असतात.

डॉक्टरांनी हळूहळू कामाला लागा असे सांगितले आहे, ते आबांपर्यंत पोहोचलेलेच नाही असे मला वाटते, कारण ‘फाटली’ या शब्दापुढे बाकी काही ऐकू येत नाही. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा तुम्ही स्वतः सोबत जा आणि मांडी घालून, पुढे वाकून, किती वेळ रापी आणि आरी चालवता येईल, मध्ये किती वेळाने उठावे, पाट उंच करून बसावे का, असे कामाचे प्रश्न आबांच्या वतीने विचारा. रिपोर्टाचा कागद डॉक्टरांसमोर ठेवून, हा बल्ज शिरेला टेकला आहे का, हेही विचारा. त्या एका प्रश्नाच्या उत्तराने रिपोर्टातल्या पुढच्या ओळींचा अर्थ लागेल. तोपर्यंत एका बाबतीत मात्र वाट पाहू नका. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, बसण्याच्या जागेभोवती बधिरपणा आला, किंवा पायातली ताकद एकाएकी कमी झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात न्या.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक छोटा प्रश्न होता की शब्द ‘बल्ज’ म्हणायचा की ‘बुल्ज’. उच्चार बल्ज असाच आहे. परंतु आबा बुल्ज म्हणत असतील तर त्यांना दुरुस्त करू नका, कारण गॉल लोकांच्या मूळ शब्दात उकारच होता.